थंडी तार

माझा मामा कुठेही गेला की आधी विजेचं पॅनेल शोधतो. लग्नाच्या हॉलमध्ये माणसं नवरी बघायला पुढे सरकतात आणि हा जिन्याखाली पत्र्याच्या दारावर तळहात ठेवून उभा. आम्ही भाचरांनी त्याची भरपूर टर उडवली. आता त्या थट्टेची लाज वाटते.

मामा भरतकामाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. जोडीला मामीचा धाकटा भाऊ. हा मेहुणा बोलायचाच नाही. काहीही सांगा, उत्तर एकच, "हूं." कारखान्यात त्याचं नावच हूंबुवा पडलं होतं.

तिथले जुने लोक न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेला, थंडी तार म्हणायचे. तिन्ही फेजांमधली वीज परत येताना न्यूट्रलमध्ये एकमेकींना खोडून टाकते, तिथे फारसं काही उरत नाही, हे मामाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग कॉम्प्युटरवाली मशिनं आली, नवे दिवे आले. ही यंत्रं वीज शांतपणे पीत नाहीत, लचके तोडतात. त्यातून जी वेडीवाकडी वीज उठते, तिला हार्मोनिक्स म्हणतात. तिच्यातली काही न्यूट्रलमध्ये खोडली जात नाही, उलट तिथे साठत जाते. मामाचा जुना मीटर ती धड मोजायचा नाही, कमीच दाखवायचा.

एका सकाळी पॅनेलमधून जळका वास आला. न्यूट्रलचा जोड काळा पडला होता. मामाने मीटर लावला, आकडा लहान आला. मशिनं चालू होती, ती बंद करायची म्हणजे सुपरवायझरची बोलणी खायची. मेहुण्याने पाना उचलला आणि विचारलं, "दाजी, धरू का?"

"धर रे, थंडी तार ती."

आतून भाजून निघालेला जोड पान्याखाली तुटला. सुटलेल्या टोकावर चालू मशिनांमधून फेजची वीज आली आणि ते टोक त्याच्या हातात होतं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

चौकशीत 'जुना जोड' एवढंच लिहिलं गेलं. मामीलाही तेवढंच कळलं. पुढे नऊ वर्षं मामा रोज तिच्या समोर बसून जेवला आणि ओठांवर आलेलं घासाबरोबर गिळत राहिला.

ट्रान्सफॉर्मरच्या घुमण्यात त्याला मेहुणा ऐकू यायला लागला. डबा खाल्लास का? हूं. ताई बरी आहे तुझी. हूं. हे मामानेच मला सांगितलं, पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तितक्या सहज.

कारखान्यात नवा मीटर आला तेव्हा कळलं, थंड्या तारेतून फेजपेक्षा जास्त वीज वाहत होती. मग हार्मोनिक्स अडवणारा फिल्टर बसवा, न्यूट्रल जाड टाका म्हणून तो मालकाच्या हात धुऊन मागे लागला. अखेर परवा फिल्टर बसला. भर दुपारी इंजिनिअरने तो चालू केला, घुमणं एकदम खाली गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामाने पत्र्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "आहेस का रे?" काहीच ऐकू आलं नाही.

तो तडक घरी आला. मी आणि मामी चादरींच्या घड्या घालत होतो. बूटही न काढता दारातूनच म्हणाला, "मीच म्हणालो होतो त्याला, धर म्हणून. त्याने विचारलं होतं मला."

मला वाटलं, आता मामी किंचाळणार. तिने हातातली चादर खाली ठेवली.

"काय विचारलं त्याने?"

"दाजी, धरू का."

"असं नाही. तो म्हणाला तसं म्हणा."

मामाने म्हटलं. मामीने पुन्हा म्हणायला लावलं, मग आणखी एकदा.

"माझा भाऊ जन्मात चार वाक्यं बोलला असेल," मामी म्हणाली. "त्यातलं शेवटचं तुम्ही नऊ वर्षं एकट्याने ऐकत बसलात."