टपावरची चार छिद्रं

वडिलांकडे एक जुनी अमेरिकन पिकअप होती. टपावर भोंगा बांधून ते अंबडपासून अंकुशनगरपर्यंत ऊसतोड मजुरांच्या सभांचा पुकारा करत आणि मी मागे उभा राहून पत्रकं वाटायचो. इंजिन बसल्यापासून ती दारात पडून होती. मग जुन्या गाड्या जमवणारे पुण्याचे एक गृहस्थ ती विकत मागायला आले. म्हणाले, जालन्यातच दुरुस्त करून घेऊ, पण कारखान्यातून आली तशीच दिसली पाहिजे. म्हणजे भोंग्यासाठी पाडलेली चार छिद्रं बुजवायची.

मी भडकून वडिलांना म्हणालो, "दादा, श्रीमंताच्या अंगणात शोभेला ठेवण्यापेक्षा भंगारात देऊ. वितळून सळई होईल, एखाद्या मजुराच्या घराला तरी लागेल."

"मंग सळईत तुझी छिद्रं राहतेत का?" वडिलांनी विचारलं.

शेवटी व्यवहार ठरला आणि गाडी जालन्याच्या गॅरेजात गेली.

गाडी तयार झाल्यावर आम्ही दोघं बघायला गेलो. तिला मूळचा हिरवा रंग दिला होता. वडील आत बसले. पावसात छिद्रांतून गळायचं, म्हणून ते तिथं चिंध्या कोंबत. आता त्यांनी मिस्त्रीला टपावर बादलीभर पाणी ओतायला लावलं. आत एक थेंबही आला नाही.

"हे आधीच करायला पायजे होतं," ते म्हणाले. "निम्मी पत्रकं तर भिजूनच गेली आपली."

"आणि भोंगा?"

"तो कुठं इकलाय? सायकलीला बराबर बसतो. बांधून पाह्यलाय मी."