मांडववाल्याचं लग्न

पनवेल तालुक्यात त्या काळी जेवढी म्हणून लग्नं लागली, त्या प्रत्येक लग्नात नवरदेवापेक्षाही खुशीत असलेला एक माणूस हमखास सापडायचा, आणि तो म्हणजे आमचा मांडववाला. ‘आमचा’ असं मी हक्काने म्हणतो, कारण चौथीपर्यंत तो शाळेत माझ्या शेजारी बसायचा. पुढे मी शिकून त्याच शाळेत मास्तर झालो आणि तो बापामागोमाग मिठागरात गेला. मिठाच्या पाट्या वाहून आपला माथा सपाट झाला, असं तोच सांगायचा; ‘म्हनून तर टोपी झ्याक बसते,’ हेही वर सांगायचा. विशीत त्याने मिठागर सोडलं आणि एक तांब्याचं तपेलं विकत घेऊन ते लग्नकार्याला भाड्याने द्यायला सुरुवात केली. स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील-नसतील, तोवर त्याच्याकडे एका वेळी तीन लग्नं निघतील एवढी भांडी, कापडी मांडव, गॅसबत्त्या आणि बाजाराच्या टोकाला दुकान झालं. दुकानाला पाटी नव्हती. दारात एक तपेलं उपडं घातलेलं असे आणि त्यावर मालक बसलेले असत. पाटीपेक्षा हे लांबून दिसायचं.

भांडी पाठवून गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. भांड्यांमागोमाग तो स्वतः जायचा. आमंत्रण असो वा नसो, चुलीजवळ ठाण मांडायचा. आचाऱ्याने डाव तपेल्याच्या काठावर आपटला की याच्या कपाळावर आठी उमटायची. ‘अवो, तिला लागतं!’ असं तो इतक्या कळवळून म्हणायचा की नवा आचारी मागे वळून कोण बाई आहे ते बघायचा. शेवटची पंगत उठेपर्यंत स्वतः घास घ्यायचा नाही. कल्हई नीट झाली की नाही हे पाहायला भांड्यात डोकं घालून स्वतःचे दात बघायचा. दात मोजता आले तरच कल्हईवाल्याची सुटका. आणि मुलगी सासरी निघाली की हा सगळ्यात आधी रडायचा. एकदा उरणच्या रस्त्यावरच्या एका लग्नात वरपक्षाच्या म्हाताऱ्याने त्याला मुलीचा मामा समजून मिठीच मारली, तर यानेही मामाच्या वरताण हुंदके दिले. खरा मामा बाजूला ताटकळत उभा राहिला.

गरिबाच्या लग्नाला तो भाडं घेत नसे, पण हे कबूल करायची त्याला भयंकर लाज. ‘भांडी रिकामी बसली का रुसतात. जरा वापरून द्या, तुमचे उपकार होतील,’ असं म्हणून तो घेणाऱ्यालाच उपकारकर्ता करून टाकायचा. यामागचं कारण मला एकट्याला ठाऊक होतं. त्याच्या बहिणीच्या लग्नात एका बड्या घरून मागून आणलेली तपेली होती. पहिली पंगत बसली आणि मालकांचा गडी आला: घरी पाहुणे आलेत, तपेली आत्ता हवीत. आमटी घागरीत, बादलीत, मिळेल त्यात ओतली. निम्मी अंगणात गेली. ‘पानावरचं कोन उठला नाय मास्तर,’ तो म्हणाला होता, ‘पन सगली मान खाली घालून जेवली.’

त्याचा धंद्याचा नियम एकच. लग्नघरचं माणूस सुपारी घेऊन दुकानात आलं की त्या तिथीची भांडी त्याची. मग मागून राजा आला तरी नाही म्हणजे नाही. भिंतीतल्या कोनाड्यांत तिथीवार सुपाऱ्या मांडलेल्या असत. आणि अशा चोख माणसाचं स्वतःचं लग्न ठरलं रोडपालीच्या एका खातेदार शेतकऱ्याच्या मुलीशी. लग्न मुलाच्या दारी. चार दिवस आधी मी सहज विचारलं, ‘अरे, तुझ्या लग्नाला भांडी कुठली काढणार?’ तो हसत हसत कोनाड्याकडे गेला आणि तिथेच थिजला. त्या तिथीला तीन सुपाऱ्या होत्या. दोन बाजारपेठेतल्या बड्या घरच्या, एक पळस्प्याच्या वीटभट्टीवरच्या मजुराची. म्हणजे भांडी संपली.

‘आमच्या घरचा कोन सुपारी घेऊन आलाच नाय!’ तो ओरडला. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘आपल्याच दुकानात आपुन सुपारी घेऊन येतात का रं?’

मग धावपळ झाली. थोडी भांडी सोडाल का म्हणून विचारलं, तर एका बड्या घरून साफ नकार आला, दुसऱ्या घरचं कोणी ओट्यावरही आलं नाही. पेणचा भांडीवाला त्याच तिथीला अडकलेला. रोडपालीला कुणकुण लागली आणि सासऱ्यांचा निरोप येऊन थडकला: ‘भांडीवाल्याच्या दारात आमची मानसं उपाशी बसली, तर आमी पोरीला घेऊन मागं फिरनार.’ म्हातारा बोलल्यासारखं करणारा होता. आमच्या मित्राचा चेहरा पार उतरला, कारण मुलगी त्याच्या मनात फार बसली होती.

तेव्हा मी शहाणपणा केला. म्हटलं, ‘वीटभट्टीवरची उचल. तसंही त्यांच्याकडून तू काही घेत नाहीस. मडक्यांत शिजवतील ते.’

तो तपेल्यावरून उठला. ‘मास्तर, तुमी बोललात म्हनून ऐकला,’ एवढंच म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी भट्टीवरची भांडी गाडीत घालून, स्वतः दोर आवळून रवाना केली. पण गाडीवानाच्या तोंडात तीळ भिजत नसे.

लग्नाच्या दिवशी खाडीतल्या गलबतवाल्यांनी दिलेल्या शिडांचा मांडव उभा राहिला. सकाळपासून घरोघरच्या पातेल्यांत भात रटरटत होता आणि तो पुरणार नाही हे लहान पोरालाही कळत होतं. रोडपालीची माणसं दुपारीच येऊन बसली. सासरे मिशीवर हात फिरवत चुलीकडे बघत होते. इतक्यात पळस्प्याच्या अंगाने ढोल वाजला. भट्टीवरची पन्नासेक माणसं नाचत येत होती. बाप्यांनी मोठी तपेली बांबूला टांगलेली, बायकांच्या डोक्यावर पराती, आणि सगळं राखेने असं घासलेलं की डोळे दिपावेत. पुढे भट्टीवरच्या नवरीचा बाप, सुपारी आणणारा तो मजूर होता.

‘आमचं लगीन सांजच्याला हाय,’ तो म्हणाला, ‘पन जेवन सकालीच उरकला. आमी आदी जेवलो का मागून, कोन इचारतो?’ आणि त्याने कमरेची सुपारी काढून आमच्या मित्राच्या हातावर ठेवली. ‘तुमची कोनी आनली नव्हती ना? ही आमी आनली.’

बाशिंग बांधलेला नवरदेव ढसाढसा रडला. पोरीकडचे बघायला लागले, तेव्हा त्याची आई सगळ्यांना सांगत सुटली, ‘तो रोजच रडतो, घाबरू नका.’ सासरे अंगरखा काढून चुलीपाशी बसले आणि जाळ घालू लागले. भट्टीवाल्यांनी बत्त्याही आणल्या होत्या, त्या मात्र याने लाडवांच्या टोपलीबरोबर उलट पावली परत धाडल्या. दिवेलागणीला आमच्याकडे कंदिलांच्या उजेडात अक्षता पडल्या. नवऱ्याचं तोंड नवरीला धड दिसलं नाही, पण तिची तक्रार नव्हती.

ही हकिकत त्याने पुढे उभा जन्म सांगितली, माझ्या देखत कितीदा तरी. ‘लोक म्हनाले, भट्टीवरची भांडी उचल,’ असं म्हणायचा आणि पुढे जायचा. ते लोक म्हणजे मी एकटाच होतो. त्याने माझं नाव कधी घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मीही त्या जागी आल्यावर सगळ्यांबरोबर मान हलवायचो. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. एकदा तरी चारचौघांत त्याला अडवून म्हणायला हवं होतं, ‘अरे, लोक नव्हे, मास्तर म्हण.’ तेवढं राहून गेलं.