पाठीमागून मारलेली हाक

डॉ. शैलजाताईंना मी प्रथम पाहिले ते नव्वदच्या दशकात, मंचरच्या त्यांच्या दवाखान्यात. कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवणारी मी शिक्षिका, काम मागायला गेले होते. आत ताई एका आजोबांना झापत होत्या, "नातवाच्या कानात तेल ओतता? कान आहे तो, समई नाही!" मग त्यांनी त्या मुलाचा वाहणारा कान स्वतः कोरडा केला आणि आजोबांकडूनही तसाच पुसून घेतला. या बाईंशी आपले जमायचे नाही, असे मला वाटले. ते आजतागायत जमले आहे.

कानाच्या तज्ज्ञांनी खेडोपाडी फिरावे अशी रीत नव्हती, पण ताई फिरल्या. "आमच्या घराण्यात समदी उशिराच बोलत्यात," हे वाक्य त्यांनी ओट्याओट्यांवर ऐकले. तेल घालणाऱ्यांवर कडाडणाऱ्या ताई इथे मात्र शांत असत. मुलाला ऐकू येत नाही हे घरच्यांना स्वतः दिसले पाहिजे, नाहीतर ऐकण्याचे यंत्र फडताळात पडून राहते, असे त्यांचे म्हणणे होते.

निरगुडसरची शुभांगी दोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. आजी ठाम होत्या. "लई चांगलं ऐकती. बापाचा ट्रॅक्टर आला का पळत दारात जाती. बहिरी कशानं व्हईल?" ताईंनी ट्रॅक्टर सुरू करायला लावला आणि आजींचा हात ओट्यावर टेकवला. ओट्याला बसणारा हादरा आजींच्या हाताला कळला. त्यांनी नातीच्या अनवाणी पायांकडे पाहिले.

मग ताईंनी इंजिन बंद करवले, शुभांगीला दाराकडे पाठ करून मांडीवर घेतले आणि वडिलांना हॉर्न वाजवायला सांगितले. हॉर्न वाजला. पोर ताईंच्या बांगड्यांशी खेळत राहिली. वडिलांनी पुन्हा वाजवला, मग वाजवतच राहिले. ताईंनी पोरीला आईकडे दिले, बाहेर जाऊन वडिलांचा हात हॉर्नवरून हलकेच बाजूला केला. "भाऊ, पुरे."

"बोलंल का ओ ती?" त्यांनी विचारले.

ताईंनी खोटा धीर दिला नाही. "आज नाही सांगता यायचं. आधी पुण्यात नीट तपासणी करू, मग यंत्र लावू. पण उशीर करू नका."

पुण्याच्या तपासणीनंतर यंत्र आले. छातीवर डबी, कानांत वायरी. शुभांगी ते उपटून फेकून देई. ताई मला घेऊन पुन्हापुन्हा त्या घरी गेल्या. "भांडं पडलं की आधी तिला आपल्या कानाकडे बोट दाखव, मग भांडं. आवाज कशाचा ते कळू दे तिला," असे त्यांनी आईला शिकवले. कित्येक महिने काहीच घडले नाही. आई खचली होती, खरे तर मीही.

एका दुपारी आम्ही दोघी तिथे बसलो होतो. शुभांगी यंत्र लावून बाजेवर पाठमोरी खेळत होती. चुलीपासून आईने सवयीने हाक मारली, "शुभे!" आणि शुभांगी वळली.

आई रडू लागली, मी रडू लागले, ताईंचेही डोळे वाहत होते. तशातच त्या आईवर ओरडल्या, "रडतेस काय? परत हाक मार!"

ताईंनी आता साठी गाठली आहे. जुन्नर-आंबेगावात अजून कितीतरी आया पाठमोऱ्या लेकरांना हाका मारीत असतील. त्यांच्या ओट्यांवर चढण्यासाठी ताईंना उदंड आयुष्य आणि धडधाकट गुडघे लाभोत.