केवड्याआडची विहीर

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. घरात कोणी कोकणाचा विषय काढला की मी उठून अंगणात जायचो. आता गुडघे उठू देत नाहीत, म्हणून बसल्या जागी लिहितो आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडचा. आमच्या भागातल्या एका सहकारी सूतगिरणीत बांधकामाचा अभियंता होतो. लागोपाठ दुसरा दुष्काळ होता. कापूस नव्हता, चात्या थांबल्या होत्या, मला काम नव्हतं. तशात चेअरमननी बोलावलं. त्यांनी सिंधुदुर्गात समुद्राकाठी जागा घेतली होती.

"घर बांधायचंय. लई पाणी हाय तिथं. नुसतं बघत बसलं तरी डोळे गार व्हत्यात."

समुद्र मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. घर मात्र मन लावून आखलं. भरतीच्या रेषेपासून चांगलं मागे घेतलं. वाळूचा उंचवटा आणि त्यावरचं केवड्याचं बन तसंच राखलं. भिंती जांभ्या दगडाच्या, वर उतरती कौलं. त्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालत आणि पिल्लं उजेडाकडे भरकटत, म्हणून समुद्राच्या अंगाला एकही दिवा ठेवला नाही.

केवड्यापलीकडे एक बाई एकट्या राहत. मी त्यांना ताई म्हणायचो. त्यांच्या विहिरीचं पाणी इतकं वर की वाकून कळशी भरावी. मी पहिला घोट घेतला आणि बघतच राहिलो. गाज कानावर येत होती आणि पाणी गोड होतं.

"बीडसून इल्यात? थंय पाणी नसता म्हणतत, खरा काय?"

मी मान हलवली.

"मगे पिया, पोटभर पिया."

नकाशात मी तशीच उथळ विहीर दाखवली होती. चेअरमननी त्यावर बोट ठेवलं. "ही विहीर हाय का डबकं बे? बोअर घे. वरच्या पाण्याचा काय भरोसा?"

"साहेब, तिथं गोड्या पाण्याचा थर पातळ असतो. लई उपसलं तर खालचं खारं पाणी वर येतं."

"आरं, समुद्राकाठी कुठं पाणी आटत असतंय व्हय?"

मी गप्प बसलो. त्यांच्या धाकानं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. घरी बायको टँकरपुढे भांडून हंडा भरत होती. पाणी दिसलं की खोल जायचं आणि मोठी मोटर बसवायची, एवढंच आम्हाला ठाऊक. मलाही ते पटलं होतं. मी विहीर खोडून बोअर काढली.

बोअरची गाडी आमच्याकडूनच गेली. पाणी उसळलं तशी गाडीवरच्या पोरांनी आमच्या रीतीप्रमाणे नारळ फोडला, गुलाल उधळला, आणि पोरं चिखलात नाचली. समोर अख्खा समुद्र, आणि आमचा हा थाट! ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग आत जाऊन गूळ-खोबरं घेऊन आल्या आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवलं.

काही वर्षांनी कौलांच्या दुरुस्तीसाठी गेलो. बंगल्याभोवती हिरवळ होती, मोटर चालू होती. ताईंनी चहा टाकला, तर दूध नासलं. त्यांनी ओशाळून पुन्हा टाकला. तोही नासला. शेवटी कोरा चहा दिला. तो खारट होता.

"दर्यो पुढे सरकलो असतलो," त्या म्हणाल्या. "त्येच्याशी कोण भांडतलो? रस्त्यापलीकडच्या नळार जातंय आता."

"यंदा पाऊस कमी झाला असेल," मी म्हणालो.

आमच्याकडे सगळ्याचं खापर पावसावरच फोडतात. सवयीनं तोंडातून निघालं आणि मग परत घेता आलं नाही.

"तुमच्याकडे पडलो मां?" त्यांनी विचारलं. "मगे झाला."

परतल्यावर चेअरमनना म्हणालो, मोटर बंद करा.

"एका बाईच्या विहिरीपायी बाग वाळवू का? तिला म्हणावं, आपल्या नळाचं ने."

पुढे आमची बोअरही खारट झाली. हिरवळ करपली, घराला कुलूप लागलं. ते घर अजून तिथे कुणाच्या डोळ्यात खुपत नाही, इतकं त्या किनाऱ्याला शोभतं. बघणारे कौतुक करतात.

नोकरी सुटल्यावर एकदा मनाचा हिय्या करून एकटाच गेलो. ताईंचं दार बंद होतं. वाटेवरच्या एकाने सांगितलं, त्या मुलीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. विहिरीवर पत्रा टाकलेला होता. मी तो उचलला. पाणी होतं तितकंच वर होतं. ओंजळ तोंडाला लावली आणि घोट थुंकून टाकला. मग कुणाशी बोलावं ते कळेना, तसाच एसटीकडे चालू लागलो.

ताई, पाऊस कमी झाला नव्हता. दर्याही सरकला नव्हता. तुमचं पाणी आमच्या बोअरनं ओढलं, आणि ती बोअर कागदावर मी काढली होती. तुमच्या हातचं गूळ-खोबरं मी तिच्याच आनंदात खाल्लं. मला माफ करा.