मागच्या दाराची कडी

ती घटना आजही आठवते, असं लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांना खोड असते. माझं तसं नाही. ही घटना मला आठवावी लागत नाही. सकाळी फिरायला निघालो आणि एखाद्या फाटकाला कुलूप दिसलं, की ती आपोआप समोर येऊन उभी राहते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दुर्गदबैलच्या बाजारातल्या गर्दीत पाकीटमारांच्या मागे धावलो. त्यातलं बरंचसं विसरून गेलो. हे मात्र राहिलं.

तेव्हा मी धारवाडला इन्स्पेक्टर होतो आणि मळमड्डी माझ्या ठाण्याच्या हद्दीत होती. शिक्षक, वकील, पेन्शनर यांची ही वस्ती. माणसं सज्जन, तक्रारी किरकोळ, पण सुट्टीत घरफोड्या व्हायच्या. म्हणून आम्ही ठाण्यात बंद घरांची नोंदवही ठेवली होती. परगावी जाणाऱ्याने एक फॉर्म भरून द्यायचा, मग त्या बीटचा हवालदार रोज एकदा जाऊन कुलूप बघायचा आणि वहीत 'कुलूप शाबूत' लिहून सही करायचा. योजना माझीच होती. वरिष्ठांनी कौतुक केलं होतं आणि मी त्यावर खूश होतो.

त्या उन्हाळ्यात इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक फॉर्म द्यायला आले. सगळी मळमड्डी त्यांना 'सर' म्हणायची. सर आणि त्यांच्या पत्नी सोळा दिवसांच्या युरोपच्या सहलीला निघाले होते. रोम, फ्लॉरेन्स, व्हिएन्ना, प्राग. माझ्यासमोर खुर्चीत बसून त्यांनी प्रत्येक शहरात काय बघायचं ते नकाशा काढल्यासारखं सांगितलं. "बत्तीस वर्षं मुलांना ही शहरं शिकवली, साहेब. एकही बघितलं नव्हतं." दोनदा तिकिटं रद्द करावी लागली होती, कारण घरी शहाऐंशी वर्षांची आई. तिला ऐकू कमी यायचं, आठवण राहायची नाही, दार उघडं दिसलं की चालू लागायची.

"मग आता आईचं काय?" मी विचारलं.

"बहिणीकडे ठेवलंय, पुण्याला."

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, 'या काळात घरात कोणी राहणार आहे का?' सरांनी तिथे 'नाही' लिहिलं आणि सही केली. अक्षर फार सुंदर होतं.

सोमवारी सकाळी ते गेले. पुढच्या सोमवारी शेजारच्या निवृत्त शिक्षिकेचा ठाण्यात फोन आला. "साहेब, सरांच्या बंद घरातून वास येतोय. मागच्या खिडकीवर माश्या बसल्यात."

फाटकाचं आणि पुढच्या दाराचं कुलूप पंचांसमक्ष तोडलं. आत गेल्यावर काही शोधावं लागलं नाही. अज्जी (त्यांना सगळे अज्जीच म्हणत) मागच्या दाराशी जमिनीवर पडलेल्या होत्या. हाताजवळ स्टीलचा पेला होता. दाराच्या लाकडावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेल्याने ठोकल्याच्या खुणा होत्या. एका जागी लाकूड पार खरवडलं गेलं होतं. त्या दाराला कुलूप नव्हतंच. बाहेरून नुसती कडी लावलेली होती. मी ते पंचनाम्यात लिहून घेतलं आणि तेव्हा त्याचा फारसा विचार केला नाही.

शवविच्छेदनाचा अहवाल आला. पडल्यामुळे खुब्याचं हाड मोडलेलं, पोटात अन्नपाणी नाही, मृत्यू साधारण शनिवारी. म्हणजे सोमवार ते शनिवार त्या घरात जिवंत होत्या.

सरांना फोन लावला तेव्हा ते व्हिएन्नात होते. मी बातमी सांगितली. मग ते एवढंच म्हणाले, "अक्काला धरा, साहेब. आईला तिच्यावर सोपवून आलो होतो. ती आलीच नाही वाटतं." पुण्याच्या बहिणीबद्दल विचारलं तर म्हणाले, ते लोकांना सांगायला होतं. आईला मोलकरणीवर टाकून फिरायला गेले असं लोक म्हणाले असते.

अक्का म्हणजे अळणावरजवळच्या एका खेड्यातली पन्नाशीची बाई. चार वर्षं सरांकडे कामाला होती. सोमवारी दुपारी ती येणार आणि सोळा दिवस अज्जींपाशी राहणार, असं ठरलेलं. ती मागच्या बोळातून यायची. तिने एकदा किल्ली हरवली होती, म्हणून सरांच्या पत्नीने मागे कुलूप न घालता कडीच ठेवली होती. शेजाऱ्यांनीही तिच्याविरुद्ध जबाब द्यायला वेळ लावला नाही. एकाने तर ती अज्जींवर ओरडायची असंही आठवून सांगितलं. माणूस मेला की लोकांना फार आठवतं.

तिला ठाण्यात आणलं. खुर्ची दिली तरी ती जमिनीवरच बसली. चहा दिला तर शिवली नाही. मी आवाज चढवला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी तिच्याशी वाईट वागलो. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा म्हणजे काय, किती वर्षं आत जाशील, सगळं ऐकवलं.

ती म्हणाली, "सायेब, माजा दीर वारला न्हवं, सोमवारी पहाटे. धा दिस सुतक. अज्जी सोवळ्याची. सुतकातल्या हातचं पाणीसुदीक घेत न्हाई ती. मी जाऊन काय करू?"

"मग कळवायचं नाही?"

"कळवलं की. सोमवारी सरांचा फोन बंद. मंगळवारी लागला. सर म्हणाले, बरं, तू नको येऊ, मी पुण्याच्या ताईला पाठवतो. मग मी कशाला काळजी करू, सायेब? मोठी माणसं ती. पाठवलं म्हणाले म्हंजे पाठवलं."

दोन तासांत मी तिला हेच तीनदा विचारलं. तीनदा तिने तेच, त्याच शब्दांत सांगितलं. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या खेपेला काहीतरी वाढवतो, खात्री पटावी म्हणून. हिने काही वाढवलं नाही. शेवटी फक्त विचारलं, "अज्जी किती दिस होती, सायेब?" मी सांगितलं. ती तिथेच भिंतीला डोकं टेकून रडली.

तिच्या साध्या फोनवरून मंगळवारी संध्याकाळी सरांना एक कॉल गेला होता, मिनिटभराचा. बुधवारी सर आणि त्यांच्या पत्नी सहल अर्धी टाकून परतले, तेव्हा मी त्या कॉलच्या नोंदीचा कागद पुढे केला. सर म्हणाले, "आवाज तुटत होता. कोण बोलतंय तेही कळलं नाही." कॉल झाला हे नाकारायला जागा नव्हती आणि काय बोलणं झालं ते सिद्ध करायलाही नाही. वरून दबाव येत होता. मेलेली बाई प्राध्यापकाची आई, आणि आरोपी करायला हाताशी एक मोलकरीण होती. कागद तयार होत आले होते. सही केली असती तर अक्का आत गेली असती.

मी सही केली नाही, कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती.

मधल्या गुरुवारी, म्हणजे सर गेल्याच्या चौथ्या दिवशी, मी स्वतः त्या फाटकाशी उभा होतो. योजना कशी चालली आहे ते बघायला दुपारी हवालदाराबरोबर बीटवर गेलो होतो. त्याने फाटक हलवून दाखवलं. "बीग हाकैत्री, सर." कुलूप लावलेलंच आहे. तेवढ्यात आत फोन वाजला. जुना लँडलाइन, मोठा कर्कश आवाज. बराच वेळ वाजला, थांबला, पुन्हा वाजला. बंद घरात कोण फोन करतंय, असं माझ्या मनात आलं. मी हवालदाराला बोललोही. तो म्हणाला, ओळखीचं कोणीतरी असेल, गावाला गेल्याचं ठाऊक नसेल. मी वहीत त्याच्या सहीखाली 'पाहिले' लिहून सही केली आणि आम्ही पुढच्या घराकडे गेलो.

आता मी त्या लँडलाइनवर आलेल्या कॉलची यादी मागवली. सोमवारी एकही कॉल नाही. मंगळवारी अक्काचा कॉल झाल्यानंतर पाऊण तासाने पहिला कॉल, सरांच्याच मोबाइलवरून. मग रोज. सकाळ, दुपार, संध्याकाळ. बुधवारी नऊ, गुरुवारी अकरा, शनिवारी दोन. रविवारी एकही नाही.

सर आणि त्यांच्या पत्नीला माझ्या खोलीत समोरासमोर बसवलं. आधी मी बाईंच्या मोबाइलमधले फोटो बघायला मागितले. त्यांनी ते लगेच दाखवले. रोममधलं जुनं गोल क्रीडागार, पडके खांब, फ्लॉरेन्समधला तो प्रचंड घुमट. पहिल्या दिवशीचे सगळे फोटो सरांनी काढलेले, त्यांत बाई होत्या. मंगळवारनंतर तो मोबाइल बाईंच्या हातात गेला होता आणि सर प्रत्येक फोटोत स्वतःच्या फोनकडे बघत होते. गुरुवारच्या एका फोटोत ते घुमटाकडे पाठ करून उभे होते, फोन कानाला. इकडे दुपार होती तेव्हा तिकडे सकाळ. मी फाटकाशी उभा असताना वाजला तो कॉल हाच.

"इथे कोणाशी बोलताय, सर?" मी विचारलं.

उत्तर बाईंनी दिलं. "अक्काशी. रोज बोलायचे. रोज मला सांगायचे, आई जेवल्या, आई झोपल्या."

मी यादी टेबलावर ठेवली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचली. घरचा नंबर. उत्तर नाही. घरचा नंबर. उत्तर नाही. सर खाली बघत होते. बाई आधी माझ्याकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "व्हिएन्नात तुम्ही मला सांगितलंत, आईंनी आज आमटी मागून घेतली म्हणून."

सर रडले नाहीत. वर्गात शिकवावं तसं सावकाश बोलले. मंगळवारी अक्काचा शब्द न् शब्द ऐकू आला होता. बहिणीला फोन करावासा वाटला, पण ती पुण्यात, आणि आईला तिच्याकडे ठेवलंय अशी थाप मारली हे तिला कळलं असतं. शेजारणीला करावासा वाटला, तिलाही तेच सांगितलेलं. ठाण्याला करावासा वाटला. "तुमच्याच समोर सही केली होती, साहेब, घरात कोणी नाही म्हणून. काय तोंडाने सांगणार?" मग वाटलं, अक्काला दया येईल, ती जाईल. मग वाटलं, एकदा आईने फोन उचलला की झालं. "उद्या नक्की कोणाला तरी सांगू, असं रोज ठरवत होतो. समोर ती शहरं होती. मी एकही बघितलं नाही, साहेब. काय बघितलं ते मला आठवतही नाही."

बाई उठल्या आणि खोलीबाहेर जाऊन बाकावर बसल्या. त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलताना मला कधी दिसल्या नाहीत, कोर्टातही नाही.

अक्काचं नाव आरोपीतून निघालं आणि साक्षीदारांत गेलं. सरांना शिक्षा झाली. ती पुरेशी होती का, हे सांगायचा अधिकार मला नाही. घराच्या मागे जाऊन न बघितल्याबद्दल हवालदार निलंबित झाला. दोन मुलींचा बाप, वर्षभर घरी बसला. माझ्याकडून फक्त लेखी खुलासा मागवला गेला. मी लिहिलं की मागची बाजू तपासणं ही बीट हवालदाराची जबाबदारी होती. गुरुवारी वाजलेल्या फोनबद्दल मी त्यात एक ओळही लिहिली नाही. काही वर्षांनी हार घालून, भाषणं ऐकून निवृत्त झालो.

माणूस क्रूर असतो म्हणून वाईट घडतं, अशी तरुणपणी माझी समजूत होती. या प्रकरणात मला क्रूर माणूस सापडला नाही. सर आईवर प्रेम करायचे, याबद्दल मला आजही शंका नाही. एका फोनने त्यांची लाज गेली असती आणि आई वाचली असती. ते लाज जपत बसले. मीही खुलाशात तेच केलं, म्हणून त्यांच्याविषयी बोलताना माझा आवाज चढत नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा अळणावरकडे गेलो होतो, तेव्हा अक्काच्या घरी गेलो. ठाण्यात तिच्यावर ओरडलो होतो, त्याची माफी मागायची होती. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. माफी मागितली तर म्हणाली, "तुमचं काम हुतं, सायेब." मग का कोण जाणे, जे वरिष्ठांना सांगितलं नाही, बायकोलाही सांगितलं नाही, ते तिला सांगितलं. गुरुवारी मी फाटकाशी होतो, फोन वाजत होता, अज्जी आत जिवंत होत्या.

तिचे हात थांबले. "मागनं गेला न्हाईसा?"

"नाही."

"नुस्ती कडी हुती, सायेब. कुलूप न्हवतं तिथं."

एवढं बोलून ती परत शेंगा फोडू लागली. मी थोडा वेळ तिथे बसलो, आणि मग उठून आलो.