कळलावीचा गुन्हा

आज सकाळी सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात माझी कळलावी दिसली. पिवळ्यातून लाल होत गेलेल्या तिच्या पाकळ्या बटाट्याच्या सालांवर अजून ताठ होत्या. शेजारच्या काकूंनी ती माझ्या कुंडीतून उपटली होती. "दारात कळलावी असली की घरात भांडणं होतात," एवढंच त्यांचं म्हणणं.

कंद विषारी आहे म्हणून उपटली असती, तर मी गप्प बसलो असतो. पण नुसत्या नावासाठी? लॅटिनमध्ये हिला ग्लोरिओसा सुपर्बा म्हणतात, म्हणजे वैभवशाली, दिमाखदार. संस्कृतात ही अग्निशिखा. वरच्या मजल्यावरच्या तमिळ आजी हिला सेंगांदळ म्हणतात; त्यांच्या गावी ती मुरुगनाला वाहतात. फूल तेच, पाकळ्या त्याच सहा. आपण मात्र दर पावसाळ्यात निमूट जमिनीतून वर येणाऱ्या वेलीच्या माथी आपल्या भांडणांचं खापर फोडायचं, आणि वर तिलाच घराबाहेर काढायचं!

हे सगळं मी काकूंना जिन्यात ऐकवलं. माझा आवाज इतका चढला की तिन्ही मजल्यांची दारं उघडली.

काकू शांतपणे म्हणाल्या, "बघा. झालं की नाही भांडण?"