चिंचेचे डाग आणि रसूलचाचा

दगड घासणाऱ्याच्या नखात काळं बसतं, ते साबणानं जात नाही. किस्स्यांचंही तसंच बगा! मी आणि रसूलचाचा सोलापुरात डागाळलेले ओटे पॉलिश करायचो. सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. घरोघरी गॅस नवा, उभा ओटा नवा, काळा कडप्पा. लिंबू-चिंच सांडली की पांढरा डाग! आणि डाग पाडला कुणी? सुनेनं! सासवांच्या तोंडून दुसरं नाव मी कधी ऐकलं नाही.

*

भवानी पेठेतल्या एक काकू रोज ओट्यावरच चिंचेनं तांब्याचे हंडे घासायच्या. "दगडच खोटा निघाला की हो!" म्हणत रडकुंडीला आल्या.

चाचांनी लखलखते हंडे बघितले. "दगड खरा है, बाई. तुम हंडे के साथ उसकू भी घासे!"

*

एका हेडक्लार्कसाहेबांनी स्वतःच डोकं चालवलं. ओट्याला चक्क बुटाचं पॉलिश! ओटा झकास दिसायला लागला. रात्री बाईंनी त्यावर गरम भाकरी ठेवली आणि घोटाळा झाला.

चाचांनी भाकरी हुंगली. "साब, अब ये पाँव में पहनो!"

साहेब हसले. बाई नाही हसल्या.

*

एका वहिनींचा ओटा आम्ही आरशासारखा करून दिला. वर्षानं सहज डोकावलो. वहिनी खाली बसून स्टोव्हवर आमटी करतायत!

"ओटा कसा हाय, वहिनी?"

"नवाच हाय की!"

*

आणि हा एका मास्तरांच्या घरचा. सासूबाई ताडमाड उंच, सून ठेंगणी. सासूबाईंना संधिवात, डॉक्टरांनी आंबट बंद केलेलं. तरी ओट्याच्या पार आतल्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्याभोवती, वाटीएवढे पांढरे गोल!

"हिचेच चोरून चोचले!" सासूबाई मुलाला बजावत होत्या. "उद्याच्या एस्टीनं सांगोल्याला माहेरी नेऊन सोड हिला!" मास्तर मान खाली घालून उभे. पोरगी खरंच जाणार, असं दिसत होतं. मला लई वाईट वाटलं.

चाचा सुनेला म्हणाले, "बेटी, वो डब्बा जरा हटा."

तिनं टाचा उचलल्या, हात लांबवला. वीतभर कमीच पडला.

"एवढं जमेना व्हय गं?" म्हणत सासूबाईंनी सवयीनं हात घातला आणि डबा उचलला. मागं चिंचगुळाची वाटी! अर्धी संपलेली.

मास्तर आईकडं बघत राहिले. सासूबाईंच्या हातात डबा तसाच. मग घाईघाईनं म्हणाल्या, "चाचा, आधी तो कोपरा घासा!"

सून डोळे पुसून पुढं आली. "नको, चाचा! बाकीचा सगळा ओटा घासा. तो कोपरा तेवढा राहू द्या!"